ओळ बेटावरच राहते

लोअर हट, २००६

१२ जून, सोमवार

“तुका सगळा देतलंय, शेवट सोडून.” कुसुममावशी म्हणाली होती. मी नऊ-दहा वर्षांची असेन. मे महिन्यात आईबरोबर तिच्या माहेरी, बेटावर गेलेली. मावशी विळीवर नारळ खवत होती आणि मी ‘बायचं गाणं शिकव’ म्हणून तिच्या पाठीला लोंबकळत होते. बाय म्हणजे बेटावरची देवी. तिला दुसरं नाव नाही. मावशीने गाणं शिकवलं. शेवटची ओळ नाही. ती बेटावर राहणाऱ्या बायकांची. जी बाहेर दिली तिला मिळत नाही, तिच्या मुलीला तर नाहीच. आई मुंबईला दिलेली. मावशी धाकटी, ती बेटावरच राहिली, चार घरं सोडून सासर.

आज आठवायचं कारण, आई सकाळपासून तेच म्हणतेय.

भरती इली गो बाये, भरती इली
पायरेक तुझ्या व्हडी लागली

मग कुणी मीठ आणलं, कुणी सुरंगीच्या फुलांचा वळेसर, कुणी नुसतेच ओले पाय. मग थांबते. दाराकडे बघते. पुन्हा भरती.

माझं आज काहीच लिहून झालं नाही. जून म्हणजे इथे ऐन थंडी. दोन्ही हीटर चालू, कपडे तरी वाळत नाहीत.

१५ जून, गुरुवार

आई डे केअरला. मी ट्रेनने पिटोनीला, मार्गरेटकडे. ऐंशीच्या घरात आली आता. गुडघ्यावर मांजर, मांजरावर शब्दकोश. सहा वर्षांपूर्वी तिच्या संध्याकाळच्या ग्रीक वर्गात नुसती वेळ घालवायला गेले होते. त्याचं हे होऊन बसलंय: प्राचीन ग्रीकांच्या एका बेटावरच्या बाईची गाणी, भाषांतर थेट मराठीत. पुण्याला संपादक वाट बघतायत.

आजचा तुकडा म्हणजे गाणं लिहिलेल्या पपायरसची, इजिप्तमध्ये प्रेताला गुंडाळायला फाडलेली पट्टी. अडीच ओळी. देवीला हाक मारलेली, इकडे ये. पुढे भोक.

मी विचारलं, “इकडे म्हणजे कुठे ते लिहिलेलंच नाही का?”

मार्गरेट म्हणाली, “पत्ता कशाला सांगेल गाणारी? देवळात उभी आहे. पाय तिथेच आहेत तिचे. पत्त्याची गरज तुला आणि मला.”

तिथेही बेटाच्या मधोमध देवीचं ठाणं होतं. वर्षातून एकदा बायका जमायच्या, मोठ्याने हाळी द्यायच्या. त्या हाळीचं काय उरलंय? बायका हाळी द्यायच्या एवढंच.

निघताना नेहमीचं बजावणं. फाटलंय तिथे कंस. रिकामा. “आत काही भरायचं नाही, डिअर. फार मोह होतो. माझ्या पिढीने भरभरून वाट लावली.”

२० जून, मंगळवार

आई हरवली. सापडली.

मी फक्त वॉशिंग मशीनमधून कपडे काढायला गेले होते. आले तर दार उघडं, गाणं बंद. माझ्या पायात जँडल्स, इथले रबरी स्लिपर, तेही नवऱ्याचे, विनयचे. दक्षिणेचा बोचरा गार वारा. मी रस्त्यावर वेड्यासारखी दोन्हीकडे धावतेय, डेअरीत, कोपऱ्यावरच्या दुकानात, विचारतेय. डेअरीवाला पटेल दुकान उघडं टाकून माझ्याबरोबर निघाला.

नदीच्या बांधावर बसली होती. स्टॉपबँकच्या उतारावर, ओल्या गवतात, पाण्याकडे तोंड करून. कुत्रा फिरवणाऱ्या एका बाईने तिच्या अंगावर आपलं जॅकेट टाकलेलं. “हलायलाच तयार नाही, लव्ह,” ती म्हणाली. “कुणाची तरी वाट बघतेय असं दिसतं. कुणाची?”

मला माहीत नव्हतं.

आईला उठवायला पटेल आणि मी, दोघं लागलो. “थांब गो, अजून नाय, अजून नाय.” शेवटी उचललंच.

रात्री विनयने दाराला वर, हात पोचणार नाही अशी कडी लावली. ड्रिलचा आवाज ऐकून आई म्हणाली, “कोण इला?” विनय म्हणाला, “मी आहे, आई.” तिने त्याला निरखून बघितलं आणि माझ्या कानात विचारलं, “ह्यो कोणाचो?”

विनय हसला. मग बराच वेळ ड्रिलची केबल गुंडाळत बसला.

२३ जून, शुक्र.

संपादकांची मेल. गाणी आवडली. पण ‘वाचक रिकामे कंस वाचत नाहीत. तुम्ही स्वतः कवी मनाच्या आहात, जागा भरून द्याव्यात.’

कवी मनाची. कमरेत उसण भरलीय, आईची चादर दोनदा बदलली, ऋचाचं नेटबॉल विसरले. ऋ. कुणाच्या तरी गाडीतून घरी आली, “इट्स ऑल गुड, मम.” ऑल गुड म्हणताना वर बघितलं नाही.

आई आज तीनदा दारापर्यंत. कडी बघते. परत येते. गाणं पहिल्यापासून.

२ जुलै, रविवार

मावशीला फोन. कॉलिंग कार्ड संपेपर्यंत लागत नव्हता, तिकडे पावसात तारा पडलेल्या. दुसरं कार्ड आणलं. लागला.

आधी सगळं सांगितलं. आई कशी गाते, कुठे थांबते. मग विचारलं. “मावशी, शेवटची ओळ म्हणशील? एकदाच. आईच्या कानाशी फोन धरते. मी नाही ऐकणार.”

कौलांवरचा पाऊस ऐकू येत होता.

“खुळी झालंस काय गो? ती हंयच म्हणूची असता. बायच्या म्होरां.”

“माहीत आहे.”

“थंय म्हटली आनि बाय थंय इली तर? तिका थंय कोण बघतला?”

“मी बघेन.”

“तुका एक म्हातारी बघूक जमणा नाय. देवीक बघतलंस?”

हसू आलं. तिलाही आलं. हसता हसता फोन कटला. पुन्हा लागला नाही.

इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणी मला खुळी म्हणालं. बरं वाटलं.

८ जुलै, शनिवार

लिहू की नको.

आज मी ओळ केली. बायच्या गाण्याची. करता येते मला, सहा वर्षं हेच करतेय, दोन शब्दांवरून आख्खी बाई उभी करायची. आधीच्या ओळींची चाल आहे, यमक कुठे पडतं ते कळतं, काय म्हणायचं उरलंय तेही कळतं. सकाळी पोळ्या लाटताना जमली. छान जमली. दुपारी आई थांबली तिथे मी हळूच म्हटली.

आईने माझ्याकडे बघितलं. या वर्षात एवढ्या स्वच्छ नजरेने बघितलं नव्हतं.

“ह्यां कोणी सांगितल्यान तुका?”

मी तिचा पदर सारखा करायला घेतला.

“खोटी ही. ओळ इतकी लांब नसता.”

मग रडायला लागली. आवाज न करता, पदराने डोळे न पुसता. विनय आत आला, मला विचारलं काय झालं. मी म्हटलं काही नाही.

१० जुलै, सोम.

आई गात नाही. कालपासून एकदाही नाही. घर इतकं शांत, की फ्रिज ऐकू येतो.

हेच तर हवं होतं मला. नको आहे.

संपादकांना मेल केली: कंस रिकामेच राहतील. त्यावरून पुस्तक काढायचं नसेल तर तसं कळवा. दोन ओळींत. एरवी मी चार परिच्छेद माफी मागते.

१२ जुलै, बुधवार

आई बोलली.

केस विंचरत होते. तिने मला मावशी समजून हाक मारली, “कुसुम”. मी ‘ओ’ दिली. मग विचारलं, तुला ओळ माहीत नाही, मग ती लांब नसते हे कसं माहीत?

माझ्या अडाणीपणाचं तिला हसू आलं. “आमी खाली नाय? शेवट इलो की पोरी आनि भायर दिलेली, सगळी खाली. धक्क्यार. थंयसून आयकूचा. इल्लीशीच येता कानार. मगे त्यो देवळासून उतरतत. मगे सगळ्यांनी घरी.”

फणी हातात राहिली माझ्या. मी लहानपणी गेले ते मे महिन्यात. उत्सव थंडीत, तो कधी बघितलाच नाही. बाहेर दिलेल्यांना ओळ शिकवत नाहीत एवढंच माहीत. ती सुरू व्हायच्या आधी त्यांना उठून पाण्याकाठी जावं लागतं, हे कधी कुणी सांगितलं नाही. कुणाला वाटलं नसेल सांगावं.

म्हणजे आई हरवत नाही. शेवट आला की नियमाप्रमाणे उठते आणि पाण्याकाठी जाते. तिथे बसून ऐकते. ओळ येत नाही. बायका उतरत नाहीत. मग घरी कसं यायचं?

आणि आम्ही दाराला कडी लावली.

१३ जुलै, गुरु.

मार्गरेटला सगळं सांगितलं, माझ्या केलेल्या ओळीसकट. वाटलं रागावेल. नाही रागावली. चहा केला, माझा कप आधी भरला.

मी म्हटलं, तुमच्या त्या गाण्यांचं जे उरलंय ते कुणीतरी नियम मोडून बेटाबाहेर नेलं म्हणूनच ना?

“हो. नेलं, लिहिलं, विकलं. आणि शेवटी प्रेत गुंडाळलं.” मग कप पुढे सरकवत, “ती गाणी आपल्यासाठी नव्हतीच. चाळीस वर्षं शिकवताना हे मी विसरून जायचे. आपण देवळात नाही आहोत. लांबून कानावर पडतंय तेवढं घेतोय.”

“खालून,” मी म्हटलं.

तिला कळलं नाही. मग कळलं.

१६ जुलै, रवि.

कडी काढली. विनयशी भांडण. खरं तर भांडायलाही दोघांत जीव नाही. तो म्हणाला, “नदीला पूर आला असताना बसेल तिथे. मग?” बरोबर आहे त्याचं. ठरलं असं, की ती निघाली की कुणीतरी बरोबर जायचं. कुणीतरी म्हणजे मी.

आई पुन्हा गायला लागली. दुपारी निघाली. मी दोन रेनकोट, थर्मास घेऊन मागे. बांधावर बसलो. पाणी गढूळ, पलीकडे टेकड्यांवर ढग. अंधारून आलं तरी ती उठेना. उचलूनच आणावं लागलं. रोज हेच होणार. तिला निम्म्यातून ओढून आणायचं.

२३ जुलै, रविवार

मावशीचाच फोन आला. प्रकाशदादाने, तिच्या मुलाने, मोबाईल घेतलाय. घरात रेंज नाही, देवळात नाही, फक्त धक्क्यावर. म्हणून पाऊस उघडल्यावर नीतावहिनीच्या हाताला धरून धक्क्यावर येऊन बोलत होती. मागे पाणी चुबुक चुबुक.

मी बांधाचं सांगितलं. आई तिथे जाऊन काय करते ते.  

“ताई खाली जाऊन बसता?”

“रोज.”

“पावसातसुद्धा?”

“हो. तू म्हटलीस तर उठेल, मावशी. घरी येईल.”

“तीच भीती आसा गो माका.” आवाज एकदम म्हातारा झाला. “आयकल्यान की उठतली. उठली की घरी जातली. खंयच्या घरी, तां तुका ठावक आसा? माका एकच भयण आसा.”

 मी देवाधर्माचं, नियमाचं उत्तर तयार ठेवलं होतं. याचं नव्हतं.

नीतावहिनी मागून म्हणाली, “सासूबाई, भिजतासा, चला.” फोन ठेवला.

मग आंघोळ घातली आईला. पाठीचे मणके मोजता येतील अशी झालीय. खरं सांगायचं तर मला तरी ठाऊक आहे का, ती उठून कुठे जावी असं मला वाटतं ते? थकले आहे. थकलेल्या माणसाने हे स्वतःला विचारू नये.

१ ऑगस्ट, मंगळ

असेसर येऊन गेली, म्हाताऱ्यांना काय मदत लागते ते ठरवणारी. गोड बाई, आत येतानाच ‘किया ओरा’ म्हणून इथला नमस्कार, बूट काढले. आईला विचारलं आज वार कोणता. आई म्हणाली, “भरतीचो.”

आईला छातीत कफ. गेल्या आठवड्यातला पाऊस. असेसर म्हणाली, असं बाहेर बसणं चालणार नाही. रेस्ट होममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, जागा होतेय, सिक्युअर युनिट. छान आहे, हीटिंग, मोठी खिडकी, बाग. दाराला कोड.

“तिथून नदी दिसते?” मी विचारलं.

“नो. बट हीप्स ऑफ बर्ड्स.”

पंधरवड्यात सांगायचं.

विनयने रात्री माझे पाय दाबले. न विचारता. “तू ठरव,” म्हणाला. “तू ठरवशील त्यात मी आहे.” मला वाटलं होतं, तो ठरवेल आणि मी त्याच्यावर चिडेन. तेही गेलं.

५ ऑगस्ट, शनिवार

मी झोपून गेले. भर दुपारी, सोफ्यावर, तोंडात चष्म्याची दांडी. जाग आली तर घरात कुणी नाही.

धावले. बांधावर आई, आणि शेजारी ऋचा, नेटबॉलच्या स्कर्टवर विनयचं जॅकेट घालून. दोघींच्या मध्ये चिप्सचं पाकीट. आईच्या डोक्याला ऋ.ची लोकरीची टोपी.

“तू झोपली होतीस. सो आय केम.”

“आजी काय म्हणाली?”

“नथिंग. शी पॅट्स द ग्रास. मग मी बसते.” मग म्हणाली, “शी सेव्हज मी अ स्पॉट, मम. एव्हरी टाइम.”

एव्हरी टाइम. म्हणजे याआधीही येऊन गेलीय माझ्या नकळत.

आईने दुसऱ्या बाजूचं गवत थोपटलं. बसले. पोरी आणि बाहेर दिलेल्या, सगळ्या खाली.

१० ऑगस्ट, गुरु.

संपादकांची मेल. कंसांसहित काढायचं म्हणतात. प्रस्तावनेत ‘रिकाम्या जागांबद्दल’ थोडं लिहा. आनंद व्हायला हवा होता. आई खोकत होती, तिच्या पाठीवर हात फिरवत एका हाताने वाचली. होईल केव्हातरी.

मार्गरेटला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, ब्राव्हो. मग म्हणाली, “आणि तुझी आई?” मी म्हटलं मंगळवारी उत्तर द्यायचंय.

१३ ऑगस्ट, रविवार

पाऊस नाही. वाराही नाही, या गावात असं क्वचित. आईचा खोकला थोडा कमी. सकाळी गायली, सगळं, मीठ, वळेसर, ओले पाय. थांबली. उठली. माझ्याकडे बघून म्हणाली, “चल मगे.” कुसुम म्हणून नाही. माझ्या नावाने.

बांधावर मी मोबाईल घेऊन बसले होते. असाच, सवयीने, खिशात. आणि मावशीचा गेल्या वेळचा फोन आठवला. पाणी चुबुक चुबुक. ती धक्क्यावर होती. आई उत्सवात बसायची तिथेच.

हे आधी कसं सुचलं नाही?

उद्या दुपारी घरच्या फोनवर नीतावहिनीला गाठणार, प्रकाशदादाचा मोबाईल घेऊन धक्क्यावर जा म्हणणार. तिकडे तेव्हा सकाळ असेल. मावशीलाही तिथे आण म्हणून सांगेन. मावशी नाहीच म्हणेल. उत्सवाचा दिवस नाही म्हणेल, गुडघे चढत नाहीत म्हणेल. खरं कारण दोघींनाही माहीत आहे, ते कुणीच बोलणार नाही. परवा असेसरला उत्तर द्यायचं, आणि एकदा त्या कोडच्या दारामागे गेली की आई पाण्याकाठी जाणार नाही. मग वरून कुणी कितीही गायलं तरी. हे मावशीला सांगायचं नाही. ती धमकी होईल.

काय म्हणायचं ते इथे लिहून ठेवते, नाहीतर तिचा आवाज ऐकला की मी विसरेन.

मावशी, ओळ मला देऊ नकोस. फोनमध्ये म्हणू नकोस. इकडे काही पाठवू नकोस. फोन नीताच्या हातात धक्क्यावरच राहू दे आणि तू एकटी वर जा. बायसमोर म्हण, नेहमी म्हणतेस तशी, तिला आणि तुलाच ऐकू जाईल एवढ्याने. ताई खाली बसली आहे, तिच्या जागेवर, कानाशी फोन धरून. कानावर पडेल तेवढं पडेल. पडलं नाही तरी चालेल.

आणि मग, मावशी, सावकाश उतर. खाली ये.